चकतीवरची बाई

सॉर्चा कॉमिनने शाळेच्या मफलरची गुंडाळी उलगडली, आतून ती वस्तू काढली आणि "जपून हं, शंभर वर्षांची आहे," म्हणत ब्रोनाच्या हातात ठेवली, तेव्हा ब्रोनाचा हात दचकला. ब्रोना नाही, नुसता हात. डोकं अजून आपल्याच तोऱ्यात होतं. सॉर्चाने 'जपून हं' का म्हणावं, ब्रोना हार्टनेट काय कपबश्या फोडत फिरते की काय, याचा हिशेब ते करत होतं. पण ती गोल, जड, गार ब्राँझची चकती हातावर आली आणि बोटं आपोआप पसरून कडेला लागली, अंगठा आपोआप मधोमध गेला. जणू त्यांना कोणी शिकवून ठेवलं होतं. चकतीवर झग्यातली एक बाई उभी होती, हात पुढे केलेली, आणि तिच्या पायाशी ते जनावर. "हा कुत्रा," ब्रोना म्हणाली. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. सगळा वर्ग खिदळला. "सिंह आहे गं बाई, सिंह!" मागून कोणीतरी ओरडलं, "ब्रोनाच्या घरी सिंह भुंकतात!" मिस ट्वोमींनी टेबलावर खडू आपटला. त्या म्हणाल्या, मुलींनो, याला आपल्या कॉर्क शहरातले लोक मेलेल्याचा ढब्बू म्हणायचे. पहिल्या महायुद्धात माणूस गेला की चार-पाच वर्षांनी इंग्रजांच्या राजाकडून टपालाने ही चकती घरी यायची, त्याच्या नावाची. आणि खरंच, बाईच्या हाताखाली एक चौकट होती आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव होतं, लॉरेन्स कॉमिन. ब्रोनाचा अंगठा त्या अक्षरांवर होता आणि अंगठ्याला ती अक्षरं खुपत होती. इथे काही असायला नको होतं. इथे गुळगुळीत असायला हवं होतं.

तिने चकती पुढे सरकवली. पुढचा अर्धा तास सॉर्चा उभी राहून सांगत होती, तिच्या त्या पातळ, पावाच्या कापासारख्या आवाजात. पणजीचा धाकटा भाऊ लॉरेन्स, एकोणीस वर्षांचा, माँटनॉटीच्या टेकडीवरच्या ह्याच घरातून गेला, फ्लँडर्सच्या आघाडीवर मेला, आणि पणजी शेवटपर्यंत त्याची खोली झाडून घ्यायची. घर तेच, खोली तीच, आता त्या खोलीत सॉर्चाचा चेलो असतो. ब्रोना ऐकत होती आणि तिच्या पोटात दुखत होतं. सरळ, स्वच्छ, लपवण्यासारखं काही नसलेलं दुखणं. कारण गोष्ट अशी होती की हॅलोवीनच्या सुट्टीनंतर चौथ्या वर्षाचा वर्ग तीन दिवस फ्लँडर्सला जाणार होता, तिथल्या स्मारकापाशी शाळेतर्फे एकीने एका सैनिकाबद्दल वाचायचं होतं, आणि ती एक कोण ते मिस ट्वोमी गुरुवारी ठरवणार होत्या. आज मंगळवार. वाचणारी ब्रोनाच असणार हे सप्टेंबरपर्यंत अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मागच्या वसंतात तिला अचानक आवाज सापडला होता. आधी ती शेवटच्या बाकावर नखं खाणारी मुलगी होती. मग एकदा कोणीतरी आजारी पडलं म्हणून तिला वक्तृत्वाला उभं केलं आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून ती स्वतःच थक्क झाली. आता घरी फडताळावर कप होता, आणि आरशासमोर ती केस बांधतानासुद्धा भाषणात थांबे कुठे घ्यायचे त्याचा सराव करायची. पण मिस ट्वोमींनी अट घातली, सैनिक आपला हवा, आपल्या घरातला नाहीतर आपल्या गल्लीतला. आणि सॉर्चाकडे आख्खा एक माणूस निघाला, फोटोसकट, पत्रांसकट, झाडून घेतलेल्या खोलीसकट. आवाज माझा आणि मेलेला हिचा, असं ब्रोनाला वाटलं. हा कुठला न्याय!

तसं पाहिलं तर हे नवीन नव्हतं. सात वर्षांच्या असल्यापासून दोघी जिवलग होत्या आणि सात वर्षांच्या असल्यापासून सॉर्चाकडे काहीतरी असायचं. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला ब्रोनाचा झगा चुलतबहिणीचा होता, सॉर्चाचा तिच्या आजीच्या लग्नाच्या लेसचा. ब्रोनाला गोवर आला तर सॉर्चाला नुसती पुरळ नाही, थेट इस्पितळ. आणि सॉर्चा कधी मिरवत नसे, हे त्यातलं सर्वांत वाईट. मिरवली असती तर तिच्यावर रागावता आलं असतं. ती म्हणायची, "घे ना, तू घाल." लेसच्या हातमोज्यांचं तिने तसंच केलं होतं. ब्रोनाने ते घातले होते, आणि दिवसभर तिचे हात सॉर्चाचे असल्यासारखे वाटले होते.

बसमध्ये वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर ती बसली. खाली पॅट्रिक्स ब्रिज गेला, नदी गेली, मग बस चढाला लागली आणि शँडनचा घड्याळाचा मनोरा त्याच्या चारी बाजूंच्या चार वेगळ्या वेळा दाखवत उजवीकडे आला. ब्रोना आपला तळहात पाहत होती. मंगळवारी ऑक्टोबरात त्याला नाताळचा वास येत होता. लवंग, मिरी, काळी साखर. दर वर्षी आजोबा आठवडाभर आधी मांसाचा मोठा गोल तुकडा मीठमसाल्यात मुरवायचे, रोज उलटायचे, मग उकडायचे, आणि उकडल्यावर गोल डब्यात दाबून ठेवायचे, म्हणजे पातळ काप निघतात. ब्रोना सहा वर्षांची झाल्यापासून दाबायचं काम तिचं. लोणी लावलेला कागद घालायचा, कागदावर चकती ठेवायची, चकतीवर टोमॅटोचे डबे. सकाळी चकती उचलली की चरबीवर ठसा उठलेला असायचा, पुसट, उलटा, एक बाई आणि तिच्या पायाशी कुत्रा. बाईचं डोकं ज्या कापावर येईल तो काप घरातल्या कर्त्या पुरुषाचा. आधी आजोबा खायचे, हल्ली पप्पा खातात. कुत्र्याचा काप ब्रोनाचा. दहा वर्षं तिने तो सिंह खाल्ला होता आणि तिला कळलं नव्हतं. बस वळणावर झुकली तशी ती मोठ्याने हसली आणि शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढली.

तीन आठवड्यांपूर्वी तिने विचारलं होतं ना! जेवताना विचारलं होतं, त्या युद्धात आपलं कोणी होतं का, आणि पप्पा बटाटा सोलत म्हणाले होते, "आपल्यातलं कोणी नव्हतं गं. आपण कसाई लोक, आपल्याला घरीच पुरेसं रक्त." तेव्हा ती उठून गेली होती. सगळ्या शहराचे माळे उघडत होते त्या वर्षी. शंभर वर्षं झाली म्हणून ज्याच्या त्याच्या घरातून एकेक खापरपणजोबा बाहेर पडत होता. ज्यांची नावं ऐंशी वर्षं कोणी घेतली नव्हती, इंग्रजांच्या सैन्यात गेला म्हणून ज्यांचे फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, ते आता वर्तमानपत्रात येत होते. आणि हार्टनेटांच्या माळ्यावर नाताळची माळ आणि मोडका पाळणा.

स्वयंपाकघरात आजोबा रेडिओ ऐकत बसले होते. मॉस हार्टनेट, सदतीस वर्षं इंग्लिश मार्केटात सुरी चालवलेला माणूस, अजूनही पावाचा तुकडासुद्धा हाड शोधल्यासारखा कापायचा. ब्रोनाने दप्तर टाकलं आणि सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं. चकती नेहमीच्या जागी होती, किसणीच्या मागे. तिने ती खिडकीपाशी नेली. बाई होती. सिंह होता, आता सिंहच दिसत होता, कुत्रा कुठे गेला कोण जाणे. पण कडेने जिथे सॉर्चाच्या चकतीवर अक्षरांची ओळ फिरत होती तिथे नुसते बारीक बारीक ओरखडे, आणि चौकट पार कोरी.

"आजोबा, ही कुठली?"

"कुठली म्हणजे? बीफवरची."

"त्याच्या आधीची."

आजोबांनी रेडिओ बारीक केला. "हं," ते म्हणाले. "वाटलंच होतं, एवढी शाळा शिकलीस तर कधीतरी विचारशील. माझी आजी होती ना, नेल. तिच्या पहिल्या नवऱ्याची ती. गोदीत हमाल होता, लढाईवर गेला, मेला."

"पप्पा म्हणाले आपल्यातलं कोणी नव्हतं!"

"मग खरंच सांगितलं. तो आपल्यातला कुठे? पोरबाळ काही झालं नाही त्याला. नंतर नेलने कॉन हार्टनेटशी लग्न केलं. आपण सगळे कॉनचे."

"नाव कॉनने घासलं?"

"कानसने."

"इंग्रजांचं राज्य गेलं म्हणून ना? इंग्रजांच्या राजाची वस्तू घरात नको म्हणून?"

"घरात तसंच सांगायचे," आजोबा म्हणाले आणि चष्मा काढून तिच्याकडे पाहू लागले. "आणि होतंही तसं. बावीस सालचं कॉर्क. कोणी माळ्यावर टाकली, कोणी नदीत फेकली. पण पोरी, घासत कोणी बसलं नाही. हे बघ, हे काम बघ. दोन-तीन संध्याकाळी गेल्या असतील. राजावर रागावलेला माणूस इतकं नाजूक काम करत नाही. नेल दर शनिवारी त्या चकतीला पॉलिश करायची, आधी ती, मग कॉनचे बूट. काय समजायचं ते समज."

"मग बाई का नाही घासली?"

आजोबा हसले. "कसाई होता तो. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे त्याला कळायचं."

"आणि नेल? नेल काय म्हणाली?"

"काही नाही. पुढच्या शनिवारी पॉलिशचा डबा काढला, बघितलं, डबा ठेवून दिला. नाताळात बीफ दाबायला दगड असायचा. त्या वर्षी तिने दगड बाजूला केला आणि चकती ठेवली. सकाळी काप काढले, त्यात बाईचं डोकं आलेला काप कॉनच्या ताटात वाढला. 'घे,' म्हणाली, 'तू घरातला कर्ता.' एकतीस वर्षं वाढला. आणि तो खायचा गं. मी लहान होतो, टेबलाखालून बघायचो. तो काप खाताना कोणाशी बोलायचा नाही."

"नाव काय होतं त्याचं? पहिल्याचं?"

"ते या घरात मी कधी ऐकलं नाही," आजोबा म्हणाले आणि रेडिओ मोठा केला.

त्या संध्याकाळी ब्रोनाने गृहपाठ केला नाही. ती चकती मांडीवर घेऊन बसली आणि तिला कॉन दिसू लागला, इतका जवळून की त्याच्या नखांतलं वाळलेलं रक्त दिसावं. त्याच्या अंगाला मांसाचा वास, मेलेल्याच्या अंगाला कसलाच नाही. तो घोरतो, मेलेला घोरत नाही. त्याला चाळिशीत पोट सुटतं, मेलेला तरुण तो कायम तरुणच. भांडण झालं की बायको फडताळावरच्या चकतीकडे बघते, बोलत काही नाही, नुसतं बघते. अशा माणसाशी कसं लढायचं? त्याच्या नावाने पत्र येतं, तेही राजाचं. तुझ्या नावाने येतं ते चामड्याच्या व्यापाऱ्याचं. ब्रोनाला सगळं समजत होतं. तिला कोणी कानस दिली असती तर तिने आत्ता, या क्षणी, लॉरेन्स कॉमिनच्या एकेका अक्षरावर हात चालवला असता. अशी लाज वाटायला हवी होती की नको? लाज वाटत नव्हती. उलट छातीत काहीतरी ताठ उभं राहत होतं. रक्त तर रक्त! सॉर्चाला पणजीच्या भावाचे डोळे मिळाले म्हणतात. मला खापरपणजोबाची कानस मिळाली.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती ग्रँड परेडवरच्या वाचनालयात गेली आणि संगणकावर जुन्या लग्नांच्या नोंदी उघडल्या. एकोणीसशे एकवीस, कॉर्नेलियस हार्टनेट, कसाई. वधू एलेन सुग्रू, विधवा, म्हणजे नेल. मग मेलेल्यांच्या याद्या. सुग्रू बरेच होते, पण कॉर्कच्या गोदीतला, पत्नी एलेन असलेला एकच. डेनिस सुग्रू. वय चोवीस. कबर नाही. फ्लँडर्समधल्या त्या मोठ्या कमानीच्या भिंतीवर, सापडले नाहीत अशांच्या हजारो नावांत त्याचं नाव. तिने ते वाचनालयाच्या चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि कोटाच्या खिशात टाकली. मग घरी जाताना ती थांबे कुठे घ्यायचे याचा विचार करू लागली. 'नाव घासलं' नंतर एक. 'बाई ठेवली' नंतर मोठा.

गुरुवारी सॉर्चा तिला फाटकापाशीच भेटली. थंडीने नाक लाल, चेलो पाठीवर, मोठ्या किड्यासारखी. "ब्रो, ऐक ना," ती म्हणाली. "मी मिसशी बोलणार आहे. लॉरेन्सचं तू वाच."

"काय?"

"अगं, मला लोकांपुढे उलटी येते, तुला माहितीये. आणि तू वाचलंस की रडतात सगळे. माझ्या आईला पण तेच वाटतं. घे ना, तू वाच."

घे ना. तेच ते लेसचे हातमोजे. काल दुपारपर्यंत ब्रोना ह्याच शब्दांसाठी काय वाटेल ते द्यायला तयार होती, आणि आता ते मिळाले तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं आयतं! मेलेला माणूससुद्धा हिच्याकडे इतका जास्तीचा की वाटून टाकते. "बघू," ती म्हणाली, आणि दप्तराचा पट्टा घट्ट धरला. दप्तरात चकती होती, भांडी पुसायच्या फडक्यात.

इतिहासाच्या तासाला मिस ट्वोमींनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का, मग ठरवू. सॉर्चाचा हात अर्धा वर आला. ब्रोना त्याआधीच उभी होती.

"माझ्याकडेही एक आहे, मिस," ती म्हणाली. "पण ती आमच्या घरी बीफ दाबायला वापरतात."

वर्ग हसला. हसू द्यायचं हे तिला माहीत होतं. हसून संपलं की माणसं मोकळी होतात, मग आत शिरता येतं. तिने फडकं सोडलं. तिने सगळं सांगितलं, हातचं राखून काही नाही. नेलचा शनिवार सांगितला, पॉलिश, आधी चकती मग बूट. कॉनची कानस सांगितली. नाव घासलं. थांबा. बाई ठेवली. मोठा थांबा, इतका मोठा की बाहेर मैदानावर चेंडू टप्पे खात गेलेला ऐकू आला. मग तो काप, एकतीस नाताळ, टेबलाखालून पाहणारा मुलगा. "हा आमचा सैनिक नव्हे," ती शेवटी म्हणाली. "आमचा तो, कानसवाला. मी त्याची आहे." आणि हे खरं होतं, तिने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. पण ती खरं का बोलली हे तिला उभ्या उभ्या कळत होतं. तिच्याकडे जे काही होतं त्यात सर्वांत धारदार तेच होतं. कारण ती वर्गाकडे पाहतच नव्हती. ती सॉर्चाकडे पाहत होती. सॉर्चाने आपली चकती बाकावर ठेवली होती, चकचकीत, अक्षर न अक्षर शाबूत. ब्रोनाची गोष्ट पुढे सरकत होती तसा सॉर्चाचा हात हळूच त्या चकतीवर आला आणि त्याने ती झाकली. आणि सॉर्चाच्या चेहऱ्यावर, त्या 'घे ना'च्या चेहऱ्यावर, नऊ वर्षांत पहिल्यांदा ब्रोनाला तो भाव दिसला जो ती रोज दात घासताना आरशात पाहायची.

"माझा तर नुसता मेला," सॉर्चा हळू आवाजात म्हणाली.

मिस ट्वोमींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "ब्रोना," त्या म्हणाल्या, "तू वाचशील." आणि मुली बाकं बडवू लागल्या, आणि ब्रोनाच्या अंगातून आनंद असा गेला की तिला पाय कुठे आहेत ते कळेना. जिंकले! आपल्या माणसाने जिंकलं, आपल्याच आवाजाने, कोणी दिलेलं नाही, हिसकावलेलं. तिला त्या भरात चकतीचं ओझंसुद्धा हलकं वाटलं.

तास संपला, मुली पांगल्या. मिस ट्वोमी जाताना सॉर्चाच्या बाकावर एक कार्ड ठेवून गेल्या, पुष्पचक्राला बांधायचं. सॉर्चाचं अक्षर चांगलं म्हणून ते काम तिच्याकडे. ब्रोना शेजारी बसली. तिला आता सॉर्चाशी खूप गोड वागावंसं वाटत होतं, जिंकल्यावर वाटतं तसं. सॉर्चाने मान खाली घालून लिहिलं, लॉरेन्स कॉमिन. खाली साल. मग पेन उचललं. तिचे डोळे थोडे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"तुझ्याचं काय?"

"काय माझ्याचं?"

"नाव गं. चक्र एकच आहे, दोघांचं लिहू. तू सांगितलंच नाहीस."

"सांगितलं ना."

"नाही. मी ऐकत होते." सॉर्चा म्हणाली. "सगळं ऐकलं मी."

ब्रोनाने आठवून पाहिलं. सुरुवातीपासून एकेक वाक्य, एकेक थांबा. पहिला नवरा म्हणाली होती. गोदीतला म्हणाली होती. तो, त्याचं, त्याला. नेलचं नाव किती वेळा, कॉनचं तर मोजता येणार नाही इतक्या वेळा, मसाल्यातल्या लवंगेचंसुद्धा एकदा. बारा मिनिटं ती बोलली होती आणि बारा मिनिटांत ते नाव तिला कुठेच लागलं नव्हतं. त्याच्याशिवाय गोष्ट छान झाली होती. गुळगुळीत झाली होती. दप्तरात तिचा हात चकतीवर होता आणि अंगठा आपल्या जागी जाऊन बसला होता, जिथे दहा नाताळ बसत आला होता, आणि तिथे काहीच खुपत नव्हतं.

पेन कार्डाच्या वर अधांतरी थांबलं होतं. सॉर्चा तिच्याकडे पाहत होती. तो मघाचा भाव अजून पुरता गेला नव्हता, तरी पेन तसंच धरलेलं. ब्रोनाने खिशात हात घातला, चिठ्ठी काढली, घडी उलगडली. नाव पाठ होतं, तरी तिने कागदावरून वाचलं.

"डेनिस सुग्रू," ती म्हणाली.

"काय? नाही आलं ऐकू."

कप मिळवलेला आवाज, सगळ्या शाळेला रडवणारा, घशातच कुठेतरी बसला होता. हार्टनेटांच्या तोंडाला त्या नावाची सवय नव्हती. तिने घसा खाकरला. पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून, आणि सॉर्चाने पेन टेकवून लिहायला घेतलं. ब्रोना मान वाकडी करून पाहू लागली, सुग्रूची अक्षरं कॉमिनच्या अक्षरांपेक्षा लहान तर पडत नाहीत ना.